गणित सोडविण्यापूर्वीं

मूल गणितांत अडलें कीं घरचीं माणसें बहुधा विचारतात, "याची रीत कोणती?" वस्तुतः आधीं विचारावयास हवें तें हें, कीं येथें मोजावयाचें काय आहे? दोन परिचित उदाहरणें पाहूं.

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसर स्टेशन घ्या. फलाटाची लांबी २७० मीटर आणि तेथें न थांबतां जाणाऱ्या गाडीची २४० मीटर धरूं. वेग ताशीं ५४ किलोमीटर. गाडी फलाट किती सेकंदांत ओलांडील? पुष्कळ मुलें २७० ला ५४ नें भागून ५ हें उत्तर लिहितात. त्यांनीं आंकडे पाहिले. गाडी पाहिली नाहीं. एंजिन फलाटाच्या एका टोकाशीं आलें कीं मोजणी सुरू होते. शेवटचा डबा दुसऱ्या टोकाबाहेर पडला कीं ती संपते. तेवढ्या अवधींत गाडी फलाटाची व स्वतःची लांबी मिळून ५१० मीटर पुढें जाते. तासाचे सेकंद ३,६००. तेवढ्यांत ५४,००० मीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर. ५१० ला १५ नें भागिलें असतां उत्तर येतें ३४ सेकंद.

दुसरें उदाहरण हौदाचें. तें फार जुनें आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें (इ. स. ११५०) चार झरे एक हौद भरतात : पहिला एकटा एका दिवसांत, दुसरा अर्ध्या, तिसरा तृतीयांश व चौथा षष्ठांश दिवसांत. चौघे एकदम सोडले तर किती वेळ लागेल? घाईनें बेरीज केली तर दोन दिवस येतात! परंतु चौथा झरा एकटाच चार तासांत हौद भरतो. मग त्यास तिघांचें साह्य मिळाल्यावर वेळ वाढेल कसा? येथें बेरीज वेळेची नव्हे, कामाची करावयाची. एका दिवसांत पहिला एक, दुसरा दोन, तिसरा तीन व चौथा सहा हौद भरतो, एकूण बारा. म्हणून एका हौदास दिवसाचा बारावा भाग, म्हणजे दोन तास.

पाठ केलेली रीत परीक्षेंत विसरली, तर मुलाजवळ कांहींच उरत नाहीं, आणि 'मला गणित येत नाहीं' अशी समजूत मनांत घर करते. म्हणून उत्तर चुकलें तर रागावूं नका. गाडीचें चित्र काढावयास सांगा. उत्तर फार मोठें कीं फार लहान, हें त्याचें त्यालाच ठरवूं द्या. स्वतःची चूक स्वतः ओळखणारें मूल पुढें गणितास भीत नाहीं.