घरचा स्टुडिओ : दिव्याची परीक्षा कुंकवावर

सॉफ्टबॉक्स आज उघडायचा ठरला होता. राहू द्या त्याला कोपऱ्यात, कारण तुळजापूरच्या एका वाचकाने पाठवलेले दोन फोटो आठवडाभर डोक्यातून जात नाहीयेत. घरातल्याच बाई, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. एक फोटो अंगणात सावलीला काढलेला, दुसरा रात्री घरात, नव्याने आणलेल्या एलईडीवर. अंगणात मळवट लालभडक. घरात तोच विटकरी, आणि चेहरा मातकट, नुकत्याच दुखण्यातून उठल्यासारखा. वाचकाचा प्रश्न : कॅमेरा बदलू का?

नका बदलू. कॅमेरा बिचारा आलं ते टिपतोय. दिव्यातच लाल नाही.

पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. निळ्यातला काही उजेड तसाच बाहेर पडतो, काही पिवळा होऊन, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. स्वस्त दिव्यात या मिश्रणात गडद लाल अगदी नावाला असतो. कुंकू तर आलेल्या उजेडातला लाल तेवढा परत पाठवतं आणि बाकीचा गिळतं. लाल आलाच नाही तर ते पाठवणार काय? कातडीचंही तेच. आपल्याकडच्या रापलेल्या, सावळ्या चेहऱ्याची तकाकी बरीचशी लालाच्या टोकालाच असते. नंतर मोबाइलवर लाल वाढवायला जाल तर ओठ आणि कान आधी पेटतील, मळवट होता तिथेच.

खोक्यावर ‘सीआरआय ८०’ छापलेलं असतं. शंभरात ऐंशी म्हणजे पहिला वर्ग, असं वाटून आपण पैसे मोजतो. पण हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लाल हा नववा नमुना, आर ९, आणि तो सरासरीत धरलेलाच नाही! त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर ९ शून्याच्या आसपास असला तरी खोक्यावरचा आकडा खोटा ठरत नाही. माणसांचे फोटो काढायचे तर सीआरआय ९५ च्या पुढचा आणि आर ९ नव्वदच्या घरातला दिवा घ्या. वॉट किती, हे त्यानंतर विचारा. माझं मत विचाराल तर ६० वॉटचा चांगला दिवा २०० वॉटच्या भिकार दिव्यापेक्षा कधीही बरा.

लाल रंगाशी फोटोग्राफीचं हे भांडण मात्र एलईडीच्या कितीतरी आधीचं. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होता. सहाव्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ थाटला आणि १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी, पडदा सांभाळणारा जनाना स्टुडिओ काढला. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल दिसतच नसे. हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये प्लेटवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा ‘दाखवायची’ युक्ती शोधली होती, पण लाल त्यानंतरही बरीच वर्षं बाहेरच राहिला. जिथून आलेला उजेड प्लेटला कळत नाही, तिथे छापलेल्या फोटोत काळं येतं. घरातल्या फार जुन्या फोटोत पणजीच्या कपाळावर काळा ठिपका दिसतो ना? तो बुक्का नव्हे, कुंकूच. पणजोबा खरंच एवढे काळे होते का, या प्रश्नाचं उत्तरही निम्मंअधिक इथेच आहे. डार्करूममध्ये लाल बल्ब चालतो तोही याच न्यायाने : कागदाला तो दिसत नाही.

आता परीक्षा. ताटलीत चमचाभर कुंकू, शेजारी हळद, शेजारी कोरा पांढरा कागद. कुंकू लालच घ्या, गुलाबी झाक असलेलं नको. ते थोडा निळाही परत पाठवतं आणि फसवतं. दिवसा खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो काढा. रात्री घरातले बाकी सगळे दिवे बंद करून नव्या दिव्याखाली तोच फोटो पुन्हा. दोन्ही वेळा व्हाइट बॅलन्स त्या कागदावरून हाताने लावा. तो ऑटोवर ठेवलात तर परीक्षा फुकट. वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर काही दिव्यांखाली पट्टे येतात. मग दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा. हळद बहुतेक दिव्यांखाली पास होते. नापास होतं ते कुंकू.

खिडकी उत्तरेची घ्या, असं इंग्रजी पुस्तकं सांगतात. लंडनला ते ठीक. तुळजापूर पडलं १८ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेची खिडकी बरी.

चांगला दिवा आणलात की उलटा त्रास सुरू होतो. मळवटाचा लाल इतका भरून येतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनल ओसंडतो आणि कपाळावर लाल रंगाचा सपाट कागद चिकटवल्यासारखं दिसतं. कुंकवाचे कण, मधली आठी, सगळं गायब. साध्या हिस्टोग्रामवर हे उमगत नाही, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा उघडा. एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणा आणि दिवा समोरून न मारता जरा बाजूने घ्या, म्हणजे कण उठून दिसतील.

सॉफ्टबॉक्स पुढच्या आठवड्यात. तोवर खोलीची उंची मोजून ठेवा, पंख्याच्या पात्यापर्यंतची वेगळी. घर माळवदाचं असेल तर तुळईपर्यंतची मोजा, कारण स्टँड तिलाच आधी अडतो.