छप्पन नव्हे, बहात्तर भानगडी!

आधुनिक घड्याळाने मोजलेलं आजवरचं सगळ्यात लांब वर्ष कोणतं, माहीत आहे का? १९७२! लीप इयर, म्हणून एक दिवस जास्त. शिवाय पृथ्वीची गिरकी जरा रेंगाळते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्या वर्षी जागतिक वेळेत दोन ‘लीप सेकंद’ घुसडले. एक जूनअखेर, एक डिसेंबरअखेर. ३६६ दिवस, वर दोन सेकंद! गावाकडे हे सांगून बघा. ‘दोनच?’ म्हणतील. तिकडे ‘बहात्तर’ म्हटलं की एकच अर्थ, दुष्काळ.

तो दुष्काळ ताटात ओळखू यायचा. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, नाव ‘मिलो’. नाव ऐकून चॉकलेट वाटेल, पण चावताना दाढा दुखायच्या. दुष्काळी कामावर मिळायची सुकडी. माझी आजी खडी फोडायची आणि तिच्या वाटची सुकडी पदराच्या गाठीत बांधून पोरांसाठी घरी आणायची. ‘सुकडी आठवते का गं?’ विचारलं की ती आधी डावा अंगठा पुढे करायची. हातोडी निसटली होती, नख कायमचं वाकडं. मग म्हणायची, ‘गोड होती.’

आणि हो, पुढे देशभर गाजलेली ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना याच काळात महाराष्ट्रात रुजली. रोजगार हमी योजनेमागचं डोकं होतं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं. १९७३च्या मे महिन्यात तर दुष्काळी कामांवरची गर्दी पन्नास लाखांच्या घरात गेली होती!

चला, मूड बदलू. १९७२ हे तेंडुलकरांचं वर्ष होतं, माहीत आहे का? नाही हो, सचिन नव्हे, तो १९७३च्या एप्रिलमध्ये जन्मला! हे विजय तेंडुलकर. त्यांची या एका वर्षातली बॅटिंग बघा. ‘सखाराम बाइंडर’ आलं आणि सेन्सॉरच्या कात्र्या चालू झाल्या. दिग्दर्शक कमलाकर सारंग थेट हायकोर्टात गेले. डिसेंबरच्या १६ तारखेला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. रंगमंचावर ओळीने उभे ब्राह्मण. तीच भिंत, तोच पडदा आणि तीच कुजबुजणारी पेठ! १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच नाटक थांबवलं. मग कलाकार बाहेर पडले, थिएटर अकॅडमी काढली आणि १९८०मध्ये नाटक युरोप फिरून आलं.

थांबा, तिसरा षटकार राहिला. नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’ याच वर्षीचा. प्रस्तावना कोणाची? तेंडुलकरांचीच!

आता एक मेडिकल बुलेटिन. ‘घाशीराम’चे दिग्दर्शक जब्बार पटेल, मुलांचे डॉक्टर. त्यातले नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे, पुढे मनोविकारतज्ज्ञ. त्याच साली व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’त तमाशाच्या फडामागे वाहवत गेलेले मास्तर श्रीराम लागू, हे तर नाक-कान-घशाचे सर्जन. निळू फुले डॉक्टर नव्हते, पण ‘बाइंडर’मध्येही तेच आणि ‘पिंजरा’तही तेच. डबल ड्यूटी!

१५ ऑगस्ट १९७२, स्वातंत्र्याची पंचविशी. त्या दिवसाच्या ‘साधना’ अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. त्याआधी मेअखेरीस मुंबईत दलित पँथरची स्थापना झालीच होती. नाव सुचलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, राग मात्र शंभर टक्के इथल्या मातीतला.

त्याच तारखेला आणखी एक गोष्ट टोचली. पिन! पिनकोड हो. या सहा आकड्यांमागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस आणि वर संस्कृत कवी. त्यांचं ‘विलोमकाव्य’ सरळ वाचलं तर रामस्तुती, उलट वाचलं तर कृष्णस्तुती. अशा गृहस्थाला एकसारख्या नावांच्या गावांचा गुंता सोडवणं म्हणजे हातचा मळ. महाराष्ट्र नि गोवा दोघांचा पहिला आकडा ४. गोव्याचा पिन ४०३ने सुरू होतो. घरी आलेल्या पार्सलवर बघाच.

लाटण्याने फक्त पोळ्याच लाटतात असं वाटतं? मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायकांची आघाडी उभी केली तीही याच साली. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले आणि मंत्र्यांना घाम फुटला.

२ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तोवर देशात टीव्ही केंद्र एकच, दिल्लीचं. मग काय, चाळीत ज्याच्याकडे टीव्ही, त्याचं घर म्हणजे थिएटर. तिकीट नाही, फक्त चपला दाराबाहेर.

‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा पाहिलात ना? खरा चंदू म्हणजे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान. १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहला ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह सुवर्ण! भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. म्युनिकच्या ऑलिम्पिकमधून आपण त्या वर्षी हॉकीचं एक कांस्य घेऊन आलो होतो. तरी पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. ३७ सेकंदांचं काम, ४६ वर्षांचा निकाल!

बरं, सुरुवातीच्या त्या दोन लीप सेकंदांत एक गंमत आहे. जागतिक घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे दुसरा जादा सेकंद भारतात पडला तो १ जानेवारी १९७३च्या पहाटे साडेपाचला. म्हणजे जगाचं बहात्तर आपल्या बहात्तरपेक्षा एका सेकंदाने मोठं निघालं. आजीला हे सांगितलं असतं, तर तिने अंगठाच दाखवला असता.