सरहद्द कोणाची?

अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास वाचायचं आपल्या वाचक मंडळानं ठरवलं, तर सुरुवात कशानं करावी? माझं सांगणं असं, की एकच पुस्तक घेऊ नका, तीन घ्या.

पहिला, फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागोत वाचलेला निबंध. मोकळ्या जमिनीकडे सरकत जाणाऱ्या सरहद्दीनं अमेरिकी माणूस घडवला, असं ते म्हणतात. एका बैठकीत वाचून होतो. पण जमीन खरंच मोकळी होती का? त्यासाठी डी ब्राउन यांचं १९७० चं ‘बरी माय हार्ट ॲट वुंडेड नी’ घ्या. करार कसे मोडले, माणसं कशी हुसकली, ते त्यात आहे. मात्र ब्राउन स्वतः गोरे ग्रंथपाल. म्हणून तिसरं, चार्ल्स ईस्टमन यांचं १९१६ चं आत्मकथन, ‘फ्रॉम द डीप वूड्स टु सिव्हिलायझेशन’. ईस्टमन तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, डकोटा जमातीचे डॉक्टर. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी इथं लष्करानं लाकोटांची कत्तल केली. नाताळची सजावटही न उतरवलेल्या चर्चमध्ये जखमींवर त्यांनी उपचार केले.

एकाची सरहद्द हे दुसऱ्याचं अंगण असतं. तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, की ते दिसतं.