शिष्यवृत्ती परत चौथीत: मुळशीतल्या वाडीवरच्या शाळेला त्याचं काय?

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर, ज्यांना लोकलमध्ये किंवा पीएमपीच्या गर्दीत कानात काही घालणं जमत नाही त्यांच्यासाठी.

सुरुवातीला एक प्रश्न. तुम्ही स्कॉलरशिपची परीक्षा कितवीत दिली? चौथीत म्हणालात तर तुमचं शिक्षण २०१५ च्या आधीच्या पद्धतीनं झालं. पाचवीत म्हणालात तर नंतरच्या. ही परीक्षा आता परत चौथी आणि सातवीला आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तसा शासन निर्णय निघाला. शहरात राहणाऱ्याला यात फार मोठी बातमी वाटणार नाही. एक वर्ष इकडे की तिकडे, काय फरक पडतो? पण मार्चमध्ये मी मुळशी धरणाच्या पलीकडच्या एका वाडीवरच्या शाळेत गेलो होतो. तिथे या एका वर्षानं बराच फरक पडतो.

आधी मुळशीबद्दल थोडं. हा तालुका म्हणजे दोन वेगळी जगं आहेत. पूर्वेला हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट. तिथल्या जिल्हा परिषद शाळांत वर्ग भरलेले, मराठी घरात न बोलणारी मुलंही भरपूर. पश्चिमेला ताम्हिणीकडे जाल तसं एकेका डोंगराला एकेक वाडी, आणि वाडीला एक शाळा. शंभर वर्षांपूर्वी धरणात गावं गेली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो हाच भाग. या शाळांत पट दहा, बारा, पंधरा. शिक्षक दोन, वर्ग चार. म्हणजे एकच गुरुजी एका फळ्यावर पहिलीची बाराखडी आणि दुसऱ्या फळ्यावर दुसरीची वजाबाकी चालवतात.

आणि इथला पाऊस! जून ते सप्टेंबर ओढे भरलेले, वाट निसरडी, धुक्यात पलीकडचं घर दिसत नाही. भातलावणीच्या दिवसांत घरात सगळ्यांचे हात लागतात. मग दिवाळीची सुट्टी. त्यामुळे कॅलेंडर काहीही म्हणो, इथली शाळा खऱ्या अर्थानं जोरात चालते ती जानेवारीनंतर. पांगारा आणि काटेसावर फुलली की समजायचं, शाळेचा हंगाम आला.

या तीन महिन्यांत काय काय असतं ते ऐका. स्नेहसंमेलन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, पाडव्याला ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत गावातून फेरी, नव्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावा. आणि माझ्या मते सगळ्यात भारी, मुलांचा आठवडे बाजार.

मी गेलो त्या दिवशी तोच होता. शाळेच्या ओट्यावर पोती अंथरलेली. शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, भेळ, लिंबू सरबत. तिसरीतली एक मुलगी आंबेमोहोर तांदळाची पाव किलोची पाकिटं घेऊन बसली होती. मी विचारलं, “किलोला कसा?” म्हणाली, “ऐंशी.” मी एक पाकीट घेतलं आणि पन्नासची नोट दिली. तिनं बोटंसुद्धा न मोडता तीस परत दिले. वर म्हणाली, “पिशवी नाही मिळणार.” अपूर्णांक, वजाबाकी आणि धंद्याची शिस्त, तिन्ही एका दमात!

आता गंमत बघा. हीच मुलगी चौथी झाली की ही शाळा संपते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मुलं खाली मोठ्या गावातल्या शाळेत जातात. शिष्यवृत्ती पाचवीला नेली तेव्हा कागदावर कारण बरोबर होतं. शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी, मग परीक्षाही पाचवीच्या शेवटी. पण प्रत्यक्षात काय झालं? ज्या गुरुजींनी चार वर्षं मुलगा घडवला, त्यांच्या हातातून परीक्षा गेली. आणि ज्या शाळेत तो पाचवीला नवा आला, तिथे त्याची ओळख होईपर्यंत फेब्रुवारी उजाडायचा. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटत गेली, आणि परत फिरण्यामागे हे एक कारण होतं.

परीक्षा असते कशी? घेते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. हिशोब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. बुद्धिमत्तेचा नमुना म्हणून हा मी रचलेला प्रश्न घ्या: मीना पूर्वेकडे तोंड करून चालते आहे. ती उजवीकडे वळली, पुन्हा उजवीकडे वळली, मग डावीकडे. आता तिचं तोंड कुठे? उत्तर दक्षिण. वाडीवरच्या पोराला हे सोपं जातं, कारण दिशा त्याला डोंगरावरून कळतात. अडतं कुठे? इंग्रजीत, आणि उत्तरपत्रिकेतला गोल पेननं नीट भरण्यात. प्रश्न बारावा आणि गोल तेराव्याचा भरला की पुढचं सगळं घसरतं. उत्तर येतं आणि गुण जातो, यासारखं वाईट काही नाही.

पालकांचा इथे एक गोंधळ होतो. दोन्ही पेपरांत ४० टक्के मिळाले की मूल ‘पात्र’ ठरतं, पण पात्र म्हणजे पैसे मिळाले असं नाही. शिष्यवृत्तींची संख्या ठरलेली असते, त्या गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळतात. चौथीसाठी रक्कम वर्षाला ५००० रुपये, तीन वर्षं. पूर्वी पाचवीला १००० होते, त्या मानानं बरं. पण खरी किंमत पैशांची नाहीच. पट दहाच्या आसपास असलेल्या शाळेवर ‘ही चालू ठेवायची की जवळच्या शाळेत मिळवायची’ ही टांगती तलवार कायम असते. शेजारच्या तालुक्यात पानशेतला आजूबाजूच्या लहान शाळांची मिळून एक समूह शाळा झालीच आहे. तिचे फायदे आहेत, मी नाकारत नाही. पण वाडीवरची एक पोर यादीत आली, तर पुढच्या वर्षी तिथले आईबाप मुलाला व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडण्याआधी दोनदा विचार करतात.

म्हणून मला हा निर्णय आवडला. पण एक गोष्ट खटकते.

मुळशीत कातकरी वस्त्या आहेत. दिवाळीनंतर यातली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जो शाळेचा भरात आलेला हंगाम, नेमक्या त्याच हंगामात ही मुलं भट्टीवर. सरकारनं यासाठी शिक्षण हमी पत्रक ठेवलं आहे. मूल स्थलांतर करताना ते बरोबर न्यायचं, म्हणजे तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. काही ठिकाणी हे चालतं, काही ठिकाणी कागद थैलीतच राहतो. त्यात यंदा पहिल्याच वर्षी चौथी-सातवीची परीक्षा ठेवायची ठरली एप्रिल किंवा मेच्या रविवारी, कारण फेब्रुवारीत पाचवी-आठवीवाल्यांची शेवटची परीक्षा होती. भट्टीचं काम तेव्हा ऐन जोरात असतं. मी पाहिलेल्या शाळेत हजेरीपटावर चौथीची पाच नावं होती आणि वर्गात तीन मुलं. उरलेल्या दोघांचे बाजारासाठी रंगवलेले पुठ्ठ्याचे फलक बाईंनी कपाटावर ठेवून दिले होते.

मी बाईंना विचारलं, या दोघांचं काय? त्या म्हणाल्या, “भट्टी कुठली ते माहितीये. वडिलांकडे फोन आहे. रोज रात्री पाच प्रश्न व्हॉट्सॲपवर टाकते. रिचार्ज संपला नसेल तर उत्तरं येतात.”

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी पौड-पिरंगुटच्या आसपास राहत असेल आणि रविवारी सकाळी दोन तास मोकळे असतील, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. जुन्या प्रश्नपत्रिका छापून न्या, कोऱ्या उत्तरपत्रिका न्या, आणि घड्याळ लावून मुलांकडून गोल भरून घ्या. इंग्रजी येत असेल तर तेही शिकवा. जाण्याआधी शाळेला फोन करा. एप्रिलपासून बऱ्याच शाळा सकाळच्या होतात, अकराला पोचलात तर मुलं घरी निघालेली असतील.