केसाळ कुत्र्याच्या पंजांची निगा

पोमेरेनियन जातीचें नांव बाल्टिक समुद्रकांठच्या थंड पोमेरेनिया प्रांतावरून पडलें. थंडीपासून रक्षण करणारे असे लांब केस आमच्या रत्नागिरीस मात्र जाचक होतात. येथें वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याचा तांबडा चिखल बोटांमधील केसांत अडकतो, सुकून खड्यासारखा टोंचतो, आणि कातडी ओली राहून चिघळते. तेथेंच गोचीड दडते. तिच्यामुळें येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. यास्तव पंजांची निगा हें पाळणाऱ्याचें कर्तव्य होय, असें आम्ही समजतों.

कुत्रें फिरून येतांच त्याचे पंजे कोमट पाण्यानें धुवावे व बेचक्या कोरड्या पुसाव्या. गोचीड आढळल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनीं चिरडूं नये. आठवड्यांतून एकदां गुंता फणीनें सोडवावा. तळव्याच्या गादीबाहेर वाढलेले केस बोथट टोंकाच्या कात्रीनें गादीच्या पातळीस आणावे. बेचकींत खोल कात्री घालूं नये. नखांत रक्तवाहिनी असते, म्हणून केवळ त्याचें टोंक कापावें. हें काम मुलांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं करावें.

पाय दुखतो हें मुक्या जिवास सांगतां येत नाहीं; तो पंजा सारखा चाटूं लागतो. ती खूण ओळखावी, आणि सूज किंवा लंगडणें दिसल्यास त्यास विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावें.