हृदयावरील व्रण

आमचे एक वृद्ध आप्त हृदयविकाराचा झटका येऊन नुकतेच धंतोलींतील एका रुग्णालयांत होते. जुन्या बंगल्यांच्या त्या वस्तींत आतां दवाखान्यांची एवढी दाटी झाली आहे, कीं नागपुरांत कोणी "धंतोलीला नेलें" म्हटलें, तर ऐकणारा फक्त "कोणाला?" इतकेंच विचारतो. ते सुखरूप घरीं आले. परंतु हृदयाचा मेलेला भाग पुन्हां सजीव होणार नाहीं, हें डॉक्टरांचें वाक्य त्यांच्या मनांत सलत राहिलें. नातवानें जनुकोपचाराविषयीं कांहींसें वाचून दाखविलें होतें. "तें माझ्या हयातींत होईल काय?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें.

रोहिणींत गुठळी अडकली, कीं कांहीं तासांत हृदयाच्या कोट्यवधि स्नायुपेशी मरतात व त्यांच्या जागीं आकुंचन न पावणारा व्रण राहतो. यकृताप्रमाणें हृदय आपली हानि भरून काढीत नाहीं. स्वीडनमधील संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें, कीं पंचविशींत ह्या पेशींपैकीं वर्षाला शेंकडा एक नवी होते. पंचाहत्तरींत अर्धीहि नाहीं. अणुबाँबच्या चांचण्यांनीं हवेंत सोडलेला किरणोत्सारी कर्ब पेशींत किती उतरला, यावरून त्यांनीं हें वय काढलें, हा त्या बाँबचा एवढाच काय तो सदुपयोग!

जनुकोपचार ही आतां दूरदेशची वार्ता राहिलेली नाहीं. मुंबईची आय.आय.टी. व टाटा रुग्णालय यांनीं रक्ताच्या कर्करोगावर सिद्ध केलेल्या अशा उपचारास २०२३ सालीं सरकारी मान्यता मिळाली. पण तेथें रोग्याच्या रक्तपेशी बाहेर काढून, त्यांत जनुक घालून परत सोडतात. धडधडणाऱ्या हृदयाच्या बाबतींत ही सोय नाहीं.

म्हणून माउरो जाक्का व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरा मार्ग धरला. झटका आलेल्या डुकरांच्या हृदयांत त्यांनीं निरुपद्रवी विषाणूंवाटे एक जनुक सोडलें. पेशींस पुन्हां विभागावयास लावणें, हें त्याचें काम. महिन्याभरांत व्रण लहान झाला, हृदय जोमानें आकुंचन पावूं लागलें. मात्र तें जनुक थांबवावयाची सोय त्या उपचारांत नव्हती. पेशी वाढतच गेल्या, हृदयाचा ताल बिघडला व उपचार झालेलीं बहुतेक डुकरें एकाएकीं मेलीं. हा वृत्तांत २०१९ मधला. तेव्हांपासून शोध चालला आहे तो मुख्यतः थोड्याच दिवसांत आपोआप विरून जाणाऱ्या औषधाचा.

हें सर्व आम्हीं आप्तांस सांगितलें. ते हंसले व म्हणाले, "म्हणजे उरलें आहे तेवढ्यावरच संसार."

त्या रात्रीं छातींत दुखूं लागल्यावर त्यांनीं पित्त समजून चार तास घरींच काढले. धंतोली आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पित्तावर म्हणून सोडा आम्हींच करून दिला होता.