गाय बसते, बोटे वळतात : कॅल्शियमचा पहारेकरी

व्यायलेली संकरित गाय एक-दोन दिवसांत बसते, उठत नाही, कान गार पडतात. शिरूर-दौंडच्या दूधपट्ट्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरांचे डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात आणि गाय उभी राहते. तिला कुणी अंगारा लावत नाही. पण बाईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटे वळून ताठ झाली, की 'बाहेरचे' बघायला नेतात. दोन्हीकडे कारण एकच असू शकते : रक्तातले कॅल्शियम घटणे.

शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत-दातांत असते. रक्तात ते दर 100 मिलिलिटरमागे साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम लागते. त्यावर पहारा ठेवतात गळ्यातल्या, थायरॉइडच्या मागच्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी. त्यांच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा ग्राहक असतो. 1993 मध्ये अमेरिकेत ब्राउन आणि हेबर्ट यांच्या गटाने तो शोधला, आणि तोही गाईच्याच ग्रंथीतून! कॅल्शियम पुरेसे असले की हा ग्राहक संप्रेरक रोखून धरतो. ते कमी झाले की संप्रेरक सुटते, हाडांतून कॅल्शियम काढते आणि मूत्रपिंडाला ते राखायला लावते.

हाच ग्राहक मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतही सापडला आहे. पिट्युटरीच्या गाठींतून घेतलेल्या पेशींवर प्रयोग झाले, तेव्हा मात्र उलटे दिसले : तो चेतवला की वाढीचे संप्रेरक जास्त सुटले. कुलूप तेच, पण एका घरात दार लागते आणि दुसऱ्या घरात उघडते. पेशीच्या आत निरोप कोणत्या वाटेने जातो, त्यावर हे ठरते. हे प्रयोग पेशींवरचे आहेत. त्यावरून कॅल्शियमच्या गोळीने मुलांची उंची वाढते, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

मग आपण काय करायचे?

• गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून आणि बाळंतपणानंतर सहा महिने सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. रोज दोन घ्यायच्या, जेवणाबरोबर. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही.
• नाचणी, तीळ, राजगिरा, दूध आहारात ठेवा. सगळे दूध डेअरीला घालून घरच्या बाईला कोरा चहा, हे थांबवा.
• अशक्तपणा आला म्हणून दर आठवड्याला 'ताकदीचे' इंजेक्शन घेऊ नका. शिरेतून घाईने दिलेले कॅल्शियम हृदयाचे ठोके बिघडवते. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला तर रक्तातले कॅल्शियम वाढते.
• मुतखडा वारंवार होत असेल, तर रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासायला सांगा.
• बोटे वळली, झटके आले, किंवा थायरॉइडच्या ऑपरेशननंतर मुंग्या आल्या, तर लगेच रुग्णालय गाठा.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही बुद्धांची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती घरातल्या आजारी बाईच्या उशाशीही आठवली पाहिजे. गाईसाठी डॉक्टर बोलावतो, तर तिच्यासाठी आधी बोलवावा, एवढेच आमचे सांगणे.

जय भीम!